आयसोबॉर्निल ॲक्रिलेट: आठ वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

आयसोबॉर्निल ॲक्रिलेटच्या कॅनचे झाकण सैल केले की कापूर आणि पाइनचे ओले लाकूड यांच्या मधला कुठलातरी वास आधी नाकाशी येतो आणि मग तो पातळ, रंगहीन द्रव डोळ्यांना दिसतो. यूव्ही प्रकाशाने घट्ट होणारी लेपने आणि चिकटद्रव्ये तयार करणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी गेली आठ वर्षे हे मोनोमर, म्हणजे एकमेकांना जोडून पॉलिमरची लांब साखळी बनवणारा लहान रेणू, वापरत आहे. या काळात तीन वेगवेगळ्या पुरवठादारांचा तांत्रिक दर्जाचा माल, त्यांपैकी एकाचा कमी वासाचा दर्जा आणि संशोधनासाठी बाटलीतून मिळणारा अधिक शुद्ध माल, असे पाच प्रकार हातांखालून गेले. पुरवठादारांची माहितीपत्रके एकमेकांच्या नकला वाटाव्यात इतकी सारखी असतात: कमी श्यानता (दाटपणा), उच्च काच-संक्रमण तापमान (ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखा कडक आणि वर मऊ असतो ते), कमी आकुंचन, प्लॅस्टिकवर उत्तम पकड. यातले एकही विधान खोटे नाही. मात्र हे चारही गुण रेणूच्या ज्या घडणीतून येतात, त्याच घडणीतून या द्रवाचा सर्वांत मोठा दोषही येतो आणि त्याबद्दल ती पत्रके जवळजवळ गप्प असतात.

वासाचा उलगडा मुळाशी गेले की होतो. पाइनच्या राळेपासून टर्पेंटाइन मिळते, टर्पेंटाइनमध्ये अल्फा-पायनीन असते, आम्लधर्मी उत्प्रेरकावर त्याचे कॅम्फीन होते आणि कॅम्फीनची ॲक्रिलिक आम्लाशी आम्लाच्याच सान्निध्यात गाठ घातली की कार्बनचा सांगाडा स्वतःची पुनर्रचना करून आयसोबॉर्निल ॲक्रिलेट बनतो. याच कॅम्फीनची गाठ ॲक्रिलिकऐवजी ॲसिटिक आम्लाशी घातली तर आयसोबॉर्निल ॲसिटेट मिळते, त्यातून आयसोबॉर्निऑल आणि शेवटी कृत्रिम कापूर. म्हणजे नाकाला जे नाते जाणवते ते रसायनशास्त्रातही खरे आहे. दोघे एकाच घरातले आहेत. रेणूतील १३ कार्बनपैकी १० झाडाकडून आलेले असल्यामुळे अलीकडे हे मोनोमर ‘जैवस्रोतजन्य’ म्हणून मिरवले जाते. हिशोबाने कार्बनचा सुमारे ७७ टक्के वाटा वनस्पतिजन्य भरतो, हे बरोबर आहे. पण उरलेला ॲक्रिलिक भाग बहुतेक वेळा खनिज तेलातूनच येतो आणि द्रव जलचरांना घातक असल्याची खूण कॅनवर असते, तेव्हा ‘हरित’ हे विशेषण लावताना हात थोडा आखडता घेतलेला बरा.

रेणूचा आकार पाहिल्याशिवाय या मोनोमरचे कौतुकही कळत नाही आणि तक्रारही कळत नाही. रेणुभार २०८.३. एका टोकाला ॲक्रिलेटचा एकुलता एक दुहेरी बंध आणि दुसऱ्या टोकाला दोन वलये एकमेकांत गुंफलेला, पिंजऱ्यासारखा अवजड गट. साखळी तयार झाल्यावर हे पिंजरे कण्याच्या बाजूला दाटीने लटकतात आणि कण्याला मोकळेपणाने वळू देत नाहीत. त्यामुळे पॉलिमरचे काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याला आम्ही कामात नुसते ‘टीजी’ म्हणतो ते, ९४ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. तुलनेसाठी ब्यूटिल ॲक्रिलेटच्या पॉलिमरचा टीजी उणे ५४ अंश आहे. ॲक्रिलेटांच्या कुळात ९४ हा आकडा असामान्य आहे, कारण एवढा कडकपणा हवा असेल तर सहसा मेथाॲक्रिलेटकडे वळावे लागते आणि मेथाॲक्रिलेट यूव्ही दिव्याखाली फारच सावकाश चालतात. दुसरीकडे, या गटात हायड्रोजन बंध करणारे काहीच नसल्याने रेणू एकमेकांना धरून बसत नाहीत आणि द्रवाची श्यानता २५ अंशांना जेमतेम ८ ते १० मिलिपास्कल-सेकंद राहते.

युरेथेन ॲक्रिलेटसारखे ऑलिगोमर, म्हणजे आधीच जोडलेल्या आखूड साखळ्या, मधापेक्षाही दाट असतात. त्यांना पसरवण्याजोगे करायचे तर काहीतरी पातळ मिसळावे लागते. ते द्रावक असेल तर उडून जाते आणि हवा बिघडवते, म्हणून स्वतःच साखळीत सामील होणारा विरलक वापरायचा. बहुतेक विरलकांत एक सौदा असतो: पातळपणा हवा तर कडकपणा सोडा, किंवा कडकपणा हवा तर दोन-तीन दुहेरी बंधांचे मोनोमर घ्या आणि आकुंचन सोसा. आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हा सौदा मोडते. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यावर देण्याच्या एका लेपात आम्ही हेक्झेनडायॉल डायॲक्रिलेट या दोन बंधांच्या मोनोमरचा मोठा भाग काढून त्याजागी हे घातले, तेव्हा पत्र्याची कड वर उचलली जाण्याची जुनी कटकट पहिल्याच चाचणीत निम्म्याहून कमी झाली आणि चौकटी कापून चिकटपट्टी ओढण्याच्या परीक्षेत लेप पत्र्याला धरून राहिला. याची कारणे दोन. पहिले, हा द्रव पॉलिकार्बोनेट, पीव्हीसी यांच्या पृष्ठभागात किंचित मुरतो आणि तिथेच घट्ट होतो. दुसरे आकुंचनाचे आहे. एक दुहेरी बंध उघडून साखळीत जोडला गेला की प्रत्येक वेळी साधारण तेवढीच जागा वाचते. रेणू जितका अवजड, तितका एकूण आकारमानातला तो वाटा लहान. मिथाइल मेथाॲक्रिलेट पॉलिमर होताना एक पंचमांशाहून थोडे अधिक आक्रसते, तर त्याच्या दुप्पट रेणुभाराचे हे मोनोमर त्याच्या निम्म्याच्या आसपास. कमी आकुंचन म्हणजे लेप आणि पृष्ठभाग यांच्या सांध्यावर कमी ताण, आणि कमी ताण म्हणजे टिकणारी पकड.

यूव्ही इंकजेटच्या शाईत तर याला पर्याय शोधणे अवघड जाते. छपाईच्या डोक्यातून थेंब नीट सुटायचा तर फवारणीच्या तापमानाला शाई १० मिलिपास्कल-सेकंदांच्या आसपास असावी लागते आणि रंगद्रव्य, ऑलिगोमर, फोटोइनिशिएटर (प्रकाश पडताच क्रिया सुरू करणारा पदार्थ) हे सगळे घालूनही तिथे टिकून राहायचे तर पायाच पातळ हवा. शाईच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या परिचितांची याबद्दलची एकमेव कुरकुर वासाची असते आणि ती रास्त आहे. छापलेल्या फलकाच्या गठ्ठ्याला दुसऱ्या दिवशीही कापराचा दर्प येत असेल तर ग्राहक गप्प बसत नाही.

दाबाने चिकटणाऱ्या पट्ट्यांमध्ये या मोनोमरचा उपयोग वेगळ्या रीतीने होतो आणि तिथे ते मला सर्वांत विश्वासू वाटले. अशा चिकटद्रव्याचा मुख्य भाग ब्यूटिल किंवा २-एथिलहेक्झिल ॲक्रिलेटसारखा मऊ असतो. तो नुसताच वापरला तर चिकटतो खरा, पण भार लटकवला की हळूहळू घसरतो. त्यात थोडे कडक मोनोमर घालून टीजी वर न्यावा लागतो. फॉक्स यांनी १९५६ मध्ये मांडलेले साधे समीकरण इथे आजही कामाला येते: ब्यूटिल ॲक्रिलेटमध्ये वजनाने २० टक्के आयसोबॉर्निल ॲक्रिलेट घातले तर टीजी उणे ५४ वरून उणे ३५ अंशांपर्यंत येतो, ३० टक्क्यांना उणे २४ पर्यंत आणि निम्मे-निम्मे केले तर शून्याच्या जरा वर, म्हणजे जिथे खोलीच्या तापमानाला पट्टी बोटाला नीट चिकटेनाशी होते. नमुना तापवून टीजी मोजणाऱ्या आमच्या डीएससी यंत्रावर मिळालेले आकडे या हिशोबापासून फार दूर गेले नाहीत. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनसारख्या, कशालाच दाद न देणाऱ्या पृष्ठभागांवर या अवजड, जलद्वेषी गटामुळे पकड सुधारते. ॲक्रिलिक आम्लाने टीजी वाढवता येतो, पण त्याला तेलकट पृष्ठभागांचे वावडे आहे आणि धातूच्या पातळ थरांवर ते गंजाला आमंत्रण देते. पडद्यांच्या काचा जोडणाऱ्या पारदर्शक चिकटद्रव्यांत म्हणूनच याला मान आहे: आम्ल नाही, पाण्याचे शोषण कमी आणि उन्हाने पिवळे पडण्याची प्रवृत्तीही कमी. मोटारींच्या रंगातील कमी द्रावकाच्या ॲक्रिलिक रेझिनांत आणि प्रकाशतंतूंच्या आवरणांतही ते वापरले जाते. त्या क्षेत्रांत मी स्वतः काम केलेले नसल्याने त्यावर मत देत नाही.

त्रिमितीय छपाईच्या रेझिनांनी याचा खप वाढवला असावा, असे मला आजूबाजूला पाहून वाटते. थर चटकन सपाट पसरावा, छापलेली वस्तू उकळत्या पाण्याच्या जवळपास जाईपर्यंत मऊ पडू नये, कडा वळू नयेत, या तिन्ही मागण्या हे मोनोमर एकटे पुऱ्या करते. तरीही नुसत्या भरवशावर प्रमाण वाढवत नेले तर वस्तू ठिसूळ होते. याच्या साखळ्या अवजड पिंजऱ्यांमुळे एकमेकींत गुंतत नाहीत आणि गुंता नसलेले पॉलिमर धक्का सोसत नाही. एकट्या आयसोबॉर्निल ॲक्रिलेटची पट्टी आम्ही ओतून पाहिली होती, ती साच्यातून काढतानाच कट्‌कन मोडली. जोडीला लवचीक युरेथेन ॲक्रिलेट हवेच. (एक घरगुती इशारा: मोजमापासाठी पॉलिस्टायरीनचे स्वस्त पेले वापरू नका. मी एकदा वापरला आणि चहापाण्याला जाऊन येईपर्यंत पेल्याचा तळ मऊ होऊन तराजूच्या ताटलीला चिकटला होता. पॉलिप्रॉपिलीन किंवा काच हीच भांडी बरी.)

आता तक्रारीकडे येतो.

या मोनोमरला दुहेरी बंध एकच आहे. दोन किंवा तीन बंधांच्या मोनोमरचा एक हात जरी साखळीत अडकला, तरी तो रेणू जागच्या जागी बांधला जातो. दुसरा हात मोकळा राहिला तरी तो कुठे जात नाही. आयसोबॉर्निल ॲक्रिलेटचा एकुलता हात सुटा राहिला तर अख्खा रेणूच सुटा राहतो. तो लहान आहे, तेलकट आहे, प्लॅस्टिकमधून झिरपू शकतो आणि महिनोन्‌महिने झिरपत राहतो. इतर एकबंधी मोनोमरांनाही हे लागू आहे, पण इथे आणखी एक पेच आहे. क्रिया पुढे सरकते तसा मिश्रणाचा टीजी वर चढत जातो आणि तो दिव्याखालच्या लेपाच्या तापमानाला गाठतो तेव्हा सगळे जागच्या जागी काचेसारखे गोठते. उरलेल्या मोनोमरना साखळीच्या टोकापर्यंत पोहोचायला वाटच उरत नाही. दिवा तसाच चालू ठेवला तरी फारसा फरक पडत नाही. म्हणजे ज्या ९४ अंशांसाठी आपण हे मोनोमर विकत घेतो, तेच ९४ अंश त्याचा काही भाग कायमचा अर्धवट ठेवतात.

हे आम्हाला पुस्तकातून समजण्याआधी यंत्रावर दिसले. ॲक्रिलेटचा दुहेरी बंध अवरक्त वर्णपटात ८१० तरंगांकापाशी स्वतःची खूण सोडतो. आमच्या कडक लेपाचा पृष्ठभाग नखाने ओरखडत नव्हता, द्रावकाने पुसला तरी निघत नव्हता, हाताला कोरडा होता. सगळ्या नेहमीच्या चाचण्यांत तो ‘पूर्ण पक्का’ ठरला होता. तरी ८१० ची खूण हट्टाने उरलेली होती. दिव्याची मात्रा दुप्पट केली, तरी ती जराशीच घटली. मग तोच नमुना ९० अंशांच्या भट्टीत अर्धा तास ठेवून गरम असतानाच पुन्हा दिव्याखाली धरला, तेव्हा ती जवळजवळ मावळली. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की या मोनोमरच्या कोणत्याही सूत्राचा निवाडा नखाने करायचा नाही. वर्णपटाने करायचा, आणि वस्तू कोणाच्या हाताला लागणार असेल तर द्रावकात भिजवून बाहेर काय येते ते जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, पाहायचे. लेपाखालच्या ज्या वस्तूला उष्णता सोसत नाही, तिथे सूत्रातच या मोनोमरचे प्रमाण कमी करून थोडे मऊ मोनोमर घालावे. टीजी दहा-पंधरा अंशांनी उतरतो, पण रूपांतरण पुढे जाते. हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागावरची क्रिया अडवतो, ही सर्वच ॲक्रिलेटांची अडचण इथेही आहे; पातळ थरात ती अधिक जाचते आणि तिच्यावरचे उपायही तेच, जास्त तीव्रतेचा दिवा, अमाइन किंवा थायॉलची जोड, नाहीतर नायट्रोजनची चादर.

झिरपणाऱ्या रेणूचे काय परिणाम होतात याचा धडा वैद्यकीय साधनांनी दिला. इन्सुलिन पंपाच्या नळीसंचातील गोंदामुळे त्वचेला झालेल्या ॲलर्जीत या मोनोमरचा हात असल्याचे १९९५ मध्येच नोंदले गेले होते, पण ते एखाद-दुसऱ्या रुग्णाचे प्रकरण म्हणून मागे पडले. पुढे मधुमेहींनी दंडावर दोन-दोन आठवडे चिकटवून ठेवायचे ग्लुकोज सेन्सर आले आणि २०१७ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांतील एका सेन्सरमुळे येणाऱ्या चट्ट्यांचे कारण म्हणून आयसोबॉर्निल ॲक्रिलेटकडे बोट दाखवले. लक्षात घेण्याजोगा तपशील असा, की हे मोनोमर प्रामुख्याने सेन्सरच्या प्लॅस्टिकच्या दोन भागांना जोडणाऱ्या सांध्यात सापडले. त्वचेला टेकणारी पट्टी हे त्याचे मूळ ठिकाण नव्हते. सांध्यातून ते पट्टीपर्यंत आणि पट्टीतून त्वचेपर्यंत गेले. सांधा ज्याने बनवला त्याच्या दृष्टीने तो घट्ट आणि निर्दोषच असणार. २०२० साली अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने या मोनोमरला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले आणि नंतरच्या काळात काही सेन्सरांतून ते काढून टाकण्यात आले. या प्रकरणातला आणखी एक मुद्दा उत्पादकांनी ध्यानात ठेवावा: ज्यांना याची ॲलर्जी होते त्यांतील अनेकांना इतर ॲक्रिलेटांची होत नाही, त्यामुळे ॲक्रिलेटांच्या नेहमीच्या त्वचाचाचणीत ती निसटू शकते आणि ०.१ टक्का प्रमाणातील याच पदार्थाची वेगळी पट्टी लावावी लागते.

ही सगळी माहिती वाचल्यावर प्रयोगशाळेतल्या आमच्या सवयी बदलल्या. लेटेक्सचे हातमोजे या कामाला निरुपयोगी आहेत. पातळ नायट्राइल मोजे शिंतोड्यांपुरते चालतात, मात्र ते ओले झाले की ‘नंतर काढू’ म्हणायचे नाही, लगेच बदलायचे. ओतण्याच्या कामाला जाड मोजेच हवेत. एकदा जडलेली ॲलर्जी आयुष्यभर सोबत राहते आणि मोनोमरवर जगणाऱ्या माणसाला ती व्यवसायातून उठवू शकते. आमच्या एका सहकाऱ्याची बोटे अशीच फुटली आणि त्यांना सूत्रांचे काम सोडून मोजमापाच्या विभागात जावे लागले. तो मोनोमर हाच होता की दुसरा, हे चाचणी वेळेवर न झाल्याने सिद्ध झाले नाही.

साठवणीत हा द्रव तसा समंजस आहे. ॲक्रिलिक आम्ल १३ अंशांच्या आसपास गोठते आणि ते पुन्हा वितळवताना निरोधक (साठवणीत पॉलिमर होऊ न देणारा पदार्थ) एकीकडे व आम्ल दुसरीकडे असे होऊन अपघात घडू शकतात. इथे ती भीती नाही, कारण हा द्रव कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. ज्वलनांक १०० अंशांच्या आसपास असल्याने नेहमीच्या द्रावकांइतकी आगीची धास्तीही नसते. परंतु एक चूक आम्ही केली ती सांगायलाच हवी. निरोधक म्हणून यात मिथॉक्सिफिनॉल असते, साधारण १०० ते २०० पीपीएम, आणि हे निरोधक काम करण्यासाठी द्रवात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. नव्याने आलेल्या एका तंत्रज्ञाने ओलाव्यापासून आणि ऑक्सिडीकरणापासून मालाचा बचाव व्हावा या सद्धेतूने अर्ध्या वापरलेल्या कॅनमध्ये नायट्रोजन भरून झाकण आवळले. कॅन खिडकीजवळ होता, दिवस उन्हाळ्याचे होते. तीन आठवड्यांनी तळाशी पारदर्शक जेलीचा गोळा बसलेला निघाला. सुदैवाने उष्णता साचून कॅन फुगला नाही. दोष त्या तंत्रज्ञाचा नव्हता. आम्ही कोणी त्याला सांगितले नव्हते आणि त्या मालाच्या पत्रकात ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ एवढेच वाक्य होते. हवा हवी, कॅन काठोकाठ भरू नये, नायट्रोजन नको, ही तीन वाक्ये लेबलावर ठळक छापायला कोणाला फार खर्च आला नसता.

पुरवठादारांविषयी सांगायचे तर माल तिघांचाही वापरण्याजोगा होता, फरक पडला तो सातत्यात. शुद्धतेचा आकडा सगळे जवळपास सारखा देतात. खरी तफावत उरलेल्या टक्क्यात काय आहे यात असते. उरलेले कॅम्फीन वास देते, आयसोबॉर्निऑल साखळीत सामील न होता मऊपणा आणते आणि उरलेले ॲक्रिलिक आम्ल धातूवरच्या लेपात महिन्याभराने आपला रंग दाखवते. एका पुरवठादाराच्या सलग दोन बॅचमध्ये कॅम्फीनचे शिखर जीसीवर इतके वाढलेले होते, की ते पाहण्याआधीच गोदामात शिरताना वासावरून शंका आली होती. तक्रार केल्यावर उत्तर आले, की माल ठरलेल्या मर्यादेत आहे. खरेच होता, कारण त्यांच्या प्रमाणपत्रात कॅम्फीनची मर्यादाच दिलेली नव्हती. तेव्हापासून आम्ही मागणीपत्रात कॅम्फीन, आम्लांक (उरलेल्या आम्लाचे माप), रंग आणि निरोधकाचे प्रमाण अशा चार मर्यादा स्वतः लिहितो. मोठ्या पुरवठादाराने त्या मान्य करायला दीड महिना घेतला, छोट्याने दोन दिवस. कमी वासाच्या दर्जाचा अनुभव चांगला आहे. वास जात नाही, निम्म्यावर येतो, कारण थोडा वास मोनोमरचा स्वतःचाच आहे.

संशोधनासाठी घेणाऱ्यांची गरज निराळी असते. निरोधक काढण्यासाठी अल्कधर्मी ॲल्युमिनाच्या स्तंभातून द्रव गाळणे हीच सोपी आणि सुरक्षित रीत. निर्वात ऊर्ध्वपातनही करता येते, १५ टॉर दाबाला तो १२० अंशांच्या आसपास उकळतो, पण निरोधक मागे ठेवून आलेला गरम मोनोमर पात्रातच बिघडण्याचा धोका कशाला पत्करावा? निरोधक काढलेला माल थंडीत ठेवून एक-दोन दिवसांत संपवावा. एटीआरपी आणि राफ्ट या, साखळीची लांबी ठरवून बांधण्याच्या, दोन्ही नियंत्रित पद्धतींना हे मोनोमर चांगला प्रतिसाद देते, आणि त्यामुळे मधे ब्यूटिल ॲक्रिलेटचा मऊ गट व दोन्ही टोकांना याचे कडक गट अशी साखळी बांधून रबरासारखे, तरीही वितळवून पुन्हा घडवता येणारे पदार्थ करता येतात. मला व्यक्तिशः सर्वांत रंजक वाटलेला उपयोग उलट्या दिशेचा आहे: तयार पॉलिमरला आम्ल आणि उष्णता दिली की बाजूचे पिंजरे कॅम्फीन होऊन सुटतात आणि मागे पॉलिॲक्रिलिक आम्ल उरते, म्हणजे आधी तेलात विरघळणारी साखळी बांधायची आणि मग तिला पाण्याची ओढ लावायची. चिप बनवताना प्रकाशाने नक्षी उमटवण्याच्या १९३ नॅनोमीटर लिथोग्राफीत अशा पिंजऱ्यांच्या गटांना महत्त्व आले तेही याच घडणीमुळे. बेंझीनची वलये त्या तरंगलांबीचा प्रकाश गिळून टाकतात. कार्बनने भरलेले पण असंपृक्त बंध नसलेले पिंजरे प्रकाश जाऊ देतात आणि कोरणाऱ्या प्लाझ्मालाही तोंड देतात.

पर्यायांचा विचार आम्ही दोनदा केला. ॲक्रिलॉइल मॉर्फोलिनचा टीजी आणखी वर आहे, पण त्याला पाण्याची ओढ आहे. दमट हवेत लेप पांढुरका पडला. टेट्राहायड्रोफर्फ्युरिल ॲक्रिलेटची प्लॅस्टिकवरची पकड याहून सरस आहे, मात्र लेप मऊ राहतो आणि त्वचेला तो द्रव याहून अधिक झोंबतो. ट्रायमिथाइलसायक्लोहेक्झिल ॲक्रिलेट वासाला सौम्य आणि स्वभावाने याच्या सर्वांत जवळचे, फक्त कडकपणात उणे. यांपैकी कोणीही झिरपण्याच्या प्रश्नातून सुटलेले नाही, कारण त्यांचाही हात एकच आहे.

यंत्रांचे भाग, फलक, पडद्यांची चिकटद्रव्ये, साचे आणि प्रयोगशाळेतील साखळ्या यांसाठी मी हे मोनोमर पुढेही घेणार आहे, पाचपैकी चार गुण देऊन. त्वचेवर दिवसभर राहणाऱ्या किंवा खाद्यपदार्थाला टेकणाऱ्या वस्तूंच्या सूत्रांतून ते आम्ही गेल्या वर्षीच वगळले आहे. या वेळच्या मागणीत कमी वासाचा दर्जा लिहिला आहे, मोठ्या ड्रमऐवजी छोटे कॅन मागवले आहेत आणि प्रत्येक कॅनवर चिकटवायला एक लाल चिठ्ठी छापून ठेवली आहे: ‘वर हवा ठेवा, नायट्रोजन भरू नका, खिडकीपासून लांब.’